एक जूनची माणसं

"तोरणा तुमच्याकडे किती वाजेपर्यंत आहे?"

दार अर्धवट उघडून एका मुलीने विचारलं. तिच्या एका हातात उघडा लॅपटॉप होता, दुसऱ्या हातात तीन मोबाइल, आणि तिच्या मागे चार माणसं आपापले लॅपटॉप तान्ह्या मुलासारखे छातीशी धरून उभी होती. भीमराज बनसोडे खुर्चीतून उठला.

"मला नाही माहीत हो. मला इथे बसवलंय."

"कोणी?"

"एचआरच्या पूर्वी मॅडमनी. मी इंटरव्ह्यूला..."

"अच्छा, पूर्वीने का? मग बसा ना, बसा. आम्ही पण इथेच बसतो. राजगड सेल्सवाल्यांनी बळकावलाय आणि सिंहगडाचा एसी गेलाय."

आणि पाचही जण आत शिरले.

'खुशाली' या कंपनीतल्या सगळ्या खोल्यांना किल्ल्यांची नावं होती. तीन वर्षांपूर्वी मरोळच्या या इमारतीत कंपनी आली तेव्हा अकरा माणसं आणि एक खोली होती. त्या खोलीला नाव नव्हतं, कारण दुसरी खोलीच नव्हती. आता चौथा आणि पाचवा असे दोन मजले झाले होते, माणसं अडीचशेच्या घरात गेली होती आणि दर महिन्याला तीसचाळीस नवीन चेहरे येत होते. जुने चेहरेही त्याच वेगाने जात होते, पण ते भिंतीवरच्या आलेखात दाखवलेलं नव्हतं.

भीमराजला दहाची वेळ दिली होती. दहा वाजून दहा मिनिटांनी पूर्वीने त्याला तोरण्यावर चढवलं आणि "दोनच मिनिटं हं सर" म्हणून ती गेली. आता पावणेबारा झाले होते. भीमराजची त्याबद्दल तक्रार नव्हती. सॉफ्टवेअरमधली दोन मिनिटं किती लांबीची असतात हे त्याला माहीत होतं. एकोणीस वर्षं तो स्वतः लोकांना तीच देत आला होता.

अकराच्या सुमाराला त्याने बाहेर पडून चौकशी करण्याचा प्रयत्न केला होता. पण रिसेप्शन आणि आतला भाग यांच्यामध्ये काचेचं दार होतं, आणि त्याला आतून कडी नव्हती, मूठ नव्हती. बाजूला फक्त एक काळी डबी आणि तिच्यात लाल दिवा. माणसं गळ्यातलं कार्ड डबीला दाखवत आणि निघून जात. भीमराजकडे कार्ड नव्हतं. छातीवर 'पाहुणा' असं छापलेलं गोल स्टिकर होतं. ते लावून बघावं म्हणून तो डबीला टेकला. त्यासाठी त्याला तिला जवळजवळ मिठीच मारावी लागली. दार उघडलं नाही. काचेपलीकडून रिसेप्शनवरच्या मुलीने कानातल्या फोनवर बोलता बोलता त्याला हसून हात केला. त्यानेही केला. परत तोरण्यावर येऊन बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की स्टिकर डबीलाच चिकटून राहिलं आहे.

त्यामुळे आता जगात तो पाहुणा आहे याचा काही पुरावा उरला नव्हता.

त्याने पूर्वीला फोन केला. 'मीटिंगमध्ये आहे' असा निरोप आपोआप आला. निरोपाखाली एक हसरा चेहरा होता.

"तुम्ही नवीन जॉइन झालात ना?" मघाचीच मुलगी म्हणाली. तिचं नाव नीलम. मुलुंडची, सव्वीस वर्षांची, डोळ्यांखाली पंचेचाळिशीची काळी वर्तुळं.

"नाही, मी टेस्टिंगसाठी..."

"टेस्टिंग!" नीलम इतक्या जोरात म्हणाली की बाकीच्या चौघांनी मान वर केली. "अरे, टेस्टिंगमध्ये दिला माणूस! केतन, ऐकलंस? फायनली!"

केतन म्हणजे टेबलाच्या टोकाला बसलेला, दाढी कोरलेला, चौतिशीचा तरुण. पेशंटना रिपोर्ट फोनवर दाखवणाऱ्या कंपनीच्या ॲपची नवी आवृत्ती त्याच्या ताब्यात होती. तिला आज संध्याकाळी सहा वाजता बाहेर पडायचं होतं. नव्याण्णव छोटी हॉस्पिटलं आणि लॅब सहा वाजताची वाट बघत होत्या. शंभरावी सकाळी फुटली होती. आवृत्ती बाहेर सोडायला टेस्टिंगच्या दोन माणसांचा 'पास' लागे, असा कंपनीचा नियम होता. टेस्टिंगमध्ये चार माणसं होती. एक सोमवारी गेला, दोघं बुधवारी त्याच्याच पाठोपाठ त्याच कंपनीत गेले. उरली नीलम.

"साहेब," भीमराज केतनला म्हणाला, "माझा इंटरव्ह्यू अजून झालेला नाही."

"माझाही नाही झाला. मी ओळखीतून आलोय," केतन स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला. "ते नंतर बघू ना यार. नीलम, सरांना लॉगिन दे."

भीमराजचं दोनदा खरं सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायचं ओठांवर आलंही होतं, पण तेवढ्यात नीलमने त्याच्या हातात एक मोबाइल ठेवला, आणि पाच महिन्यांनी कोणीतरी त्याच्या हातात काम ठेवत होतं.

पाच महिन्यांपूर्वीपर्यंत तो विक्रोळीच्या एका मोठ्या कंपनीत होता. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम चालतात की नाही ते एकेक बटण दाबून बघायचं, हे त्याचं काम. मग हे काम आपोआप करणारा एक प्रोग्राम कंपनीने आणला. तो नीट काम करतो की नाही हे तपासायला शेवटचा महिना भीमराजलाच बसवलं. त्याने प्रामाणिकपणे तपासलं. प्रोग्राम पास झाला. निरोपाच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या प्रामाणिकपणाचा उल्लेख केला.

तेव्हापासून अकरा मुलाखती झाल्या होत्या. एका ठिकाणी त्याला विचारलं, तुम्ही झाड असता तर कोणतं असता? तो म्हणाला, बाभूळ. तिथून पुन्हा फोन आला नाही. एका ठिकाणी समोर माणूसच नव्हता. स्क्रीनवरचा एक चेहरा प्रश्न विचारत होता आणि भीमराजने उत्तर दिलं की बरोबर दीड सेकंदाने मान हलवत होता. भीमराजने मुद्दाम एकदा नुसतं खाकरून पाहिलं. चेहऱ्याने मान हलवली आणि 'छान मुद्दा' म्हटलं. दोष सापडला म्हणून भीमराजला आनंद झाला, पण सांगणार कोणाला? बाकीच्या ठिकाणी 'सर, तुमचा अनुभव खूप आहे' असं म्हणाले. ते शेचाळीस वर्षांच्या माणसाला नाही म्हणण्याचं सभ्य मराठी आहे.

घरात अण्णा, म्हणजे वडील, रोज एकच विचारत, "बसिवलं का रं कुटं?" बायको शीतल काहीच विचारत नसे, ते जास्त जड जाई. या कंपनीकडे भीमराजने देव पाण्यात घालून बसल्यासारखं लक्ष लावलं होतं असं म्हटलं असतं, पण ते घर बौद्ध, तेव्हा देवांची सोय नव्हती. एवढं खरं, की तेराव्या मुलाखतीचं पत्र आलेलं नव्हतं. ही गेली की यादी संपली.

दुपारी जेवण आलं. मोजून मागवलेलं होतं आणि त्यात भीमराजचंही होतं. "सर, पनीर चालतं ना?" नीलमने विचारलं. चालतं म्हणून सांगताना त्याचा आवाज जरा घोगरा झाला. घोगरं होण्यासारखं त्या पनीरमध्ये काही नव्हतं.

त्याच्याकडे नोंदणीचा भाग आला होता. पेशंटने नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर टाकायचा. मग रक्त, लघवी, साखर यांचे रिपोर्ट फोनवर. नीलमने आधी केलेल्या नोंदी त्याने पाहिल्या. 'टेस्ट टेस्ट', 'टेस्ट दोन', 'ए बी सी', 'केतन माकड'. सगळ्यांच्या जन्मतारखा आजच्या.

"ही सगळी मुलं आज जन्मली?" त्याने विचारलं.

"पटकन होतं ना सर. कोण बसून नावं शोधणार?"

भीमराज मात्र खरी नावं टाकायचा. त्याचं म्हणणं असं, की खोट्या माणसांना खोटेच आजार होतात. त्याने पहिलं नाव टाकलं, वडिलांचं. धोंडिराम बनसोडे, जन्म एक जून एकोणीसशे एक्कावन्न. त्यांना साखरेचा एक रिपोर्ट जोडला, दोनशे चाळीस. मग दुसरा नंबर घेऊन त्याने घाटकोपरच्या काकांना नोंदवलं आणि त्यांना साखरेचा नॉर्मल रिपोर्ट जोडला. हे अण्णांचे चुलतभाऊ. दोघांनाही एकाच आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणून तेही धोंडिराम बनसोडे. बार्शीकडच्या एकाच गावातल्या एकाच शाळेत दोघांना एकाच दिवशी घातलं, म्हणून तेही एक जून एकोणीसशे एक्कावन्न.

स्क्रीनवर फुगे उडाले. 'पुन्हा स्वागत, धोंडिराम! तुमचे जुने रिपोर्ट आम्ही शोधून ठेवले आहेत.'

आणि घाटकोपरच्या काकांना, ज्यांनी आयुष्यात कधी शिऱ्याला नाही म्हटलं नव्हतं आणि ज्यांची साखर अजून शंभराच्या आत होती, त्यांना ॲपने दोनशे चाळीस साखर बहाल केली.

भीमराजला हसू आलं. मग त्याने अण्णांचं पान उघडलं. तिथे काकांचा नॉर्मल रिपोर्ट येऊन बसला होता. ताजा, सगळ्यात वर. आता हसू गेलं. अण्णांची सकाळची गोळी डॉक्टर फोनवरचा रिपोर्ट बघूनच कमीजास्त करत असत.

"नीलम, जरा इकडे ये."

तिने पाहिलं, पुन्हा करून पाहिलं आणि म्हणाली, "आईशप्पथ."

केतनला बोलावलं. तीन वाजले होते. त्याने उभ्या उभ्या पाहिलं. "सर, ते फीचर आहे. पेशंट नंबर बदलतात, म्हणून आपण नाव आणि जन्मतारखेवरून जुने रिपोर्ट जुळवतो. आता दोन माणसांचं नाव पण सेम, तारीख पण सेम, साल पण सेम... असं कुठे असतं का? लाखात एक."

"लाखात एक नाही हो. आमच्या अण्णांच्या एका वर्गात नऊ होते."

"नऊ काय?"

"एक जूनवाले. तारीख कोणाला माहीत होती? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मास्तरांनी पहिल्या पोराची लिहिली एक जून आणि खाली सगळ्यांना 'वरीलप्रमाणे'. माझ्या वडिलांचा जन्म बाजरीच्या काढणीतला. म्हणजे धरा सप्टेंबर."

केतन बोरिवलीचा. त्याच्या जन्माची वेळ सेकंदांसह चांदीच्या पेल्यावर कोरलेली होती. त्याने भीमराजकडे असं पाहिलं, की जणू त्याने आपल्या गावात लोकांना जन्मच नसतो असं सांगितलं.

"माझ्या आजोबांची पण एक जूनच आहे," नीलम हळूच म्हणाली.

"माझ्या सासऱ्यांची," कोपऱ्यातून एक जण.

"थांबा," नीलम म्हणाली. तिने आधीच्या चाचणीतल्या हॉस्पिटलांची यादी काढली. साठीच्या पुढचे पेशंट निवडले आणि जन्मतारखेप्रमाणे लावले. स्क्रीन खाली सरकवली. एक जून. आणखी सरकवली. एक जून, एक जून, एक जून. ती सरकवत राहिली. शेकडो म्हातारेकोतारे जणू एकाच दिवशी एकाच गाडीने उतरल्यासारखे रांगेत उभे होते.

"अरे हे!" मघाचा सासरेवाला म्हणाला. "हे आपण पाहिलं होतं ना केतन? आपल्याला वाटलं, बग आहे. म्हणून मग आपण एक जूनवाले आकडेवारीतून उडवले होते."

एवढी माणसं प्रोग्रामच्या एका ओळीत उडवलेली होती.

तेवढ्यात दार उघडलं आणि पूर्वी आत आली. तिने भीमराजला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"सर? तुम्ही अजून इथे? तुमचा इंटरव्ह्यू घेणारे चैतन्य सर ना, त्यांनी सकाळीच राजीनामा दिला. मला वाटलं तुम्ही गेलात. सिस्टिमने तुम्हाला अकरा वाजता गैरहजर केलंय."

"गैरहजर?" नीलम म्हणाली. "हे आपले नवीन टेस्टर आहेत."

"नाही गं, कँडिडेट आहेत ते."

सगळ्यांनी भीमराजकडे पाहिलं. त्याला चोरी पकडल्यासारखं वाटलं. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला, "दोनदा."

केतन मोठ्याने हसला. हसताना तो चांगला दिसत होता. "झकास! पूर्वी, तू बाहेर थांब दोन मिनिटं. तुम्ही पण सगळे." खोली रिकामी झाली. केतनने दार लावलं आणि भीमराजशेजारची खुर्ची ओढली.

"सर, मला स्पष्ट बोलायला आवडतं. तुम्ही भारी आहात. आम्ही सहा महिने जे पाहिलं नाही ते तुम्ही तीन तासांत काढलंत. मला असा माणूस पाहिजे. ते गैरहजर वगैरे मी आत्ता सरळ करतो. ऑफर लेटर संध्याकाळी तुमच्या हातात. टीमचे लीड म्हणून. ठीक?"

भीमराजने मान हलवली.

"फक्त आज ह्याला पास द्या. सहा वाजता नव्याण्णव हॉस्पिटलं चालू होऊ दे. पुढच्या आठवड्यात आपण दोघं बसून हे दुरुस्त करू. तुम्हीच करा. प्रॉमिस."

"एका आठवड्यात किती पेशंट येतील?"

"सर..." केतनने डोळे चोळले. "माझ्यावर किती प्रेशर आहे तुम्हाला कल्पना नाही. आज नाही गेलं तर माझीच वाट लागेल. पोरगी दोन वर्षांची आहे माझी. मी काही वाईट माणूस नाही हो."

तो वाईट माणूस नव्हताच. भीमराजलाही ते दिसत होतं, आणि तीच अडचण होती. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं, त्यात थोडी मजाही असते. पण हा काकुळतीला आला होता, पाणी पुढे करत होता, 'सर' म्हणत होता. आणि बाहेर जायचं दार या माणसाच्या कार्डाशिवाय उघडणार नव्हतं.

भीमराजने लॅपटॉप पुढे ओढला. नोंदणीच्या पुढे दोन चौकोन होते, 'पास' आणि 'फेल'. त्याने मनाशी ठरवलं, पास. लीड. अण्णांना सांगायचं, बसवलं. काकांना आणि अण्णांना फोन करून सांगता येईल, ॲप आठवडाभर बघू नका. दोघांना. मग बार्शीकडच्या बाकीच्यांना. मग लातूरकडच्या. मग...

त्याने बोट पासवर नेलं. एकोणीस वर्षांत त्या बोटाने दोष दिसत असताना ते बटण कधी दाबलेलं नव्हतं. त्यात तत्त्व वगैरे होतं की नाही कोण जाणे. कदाचित नुसती सवय असेल, जशी काहींना डाव्या कुशीवरच झोप लागते. बोट तिथे थोडा वेळ राहिलं. मग बाजूला गेलं आणि त्याने 'फेल' दाबलं. खाली कारण लिहायची जागा होती. त्याने लिहिलं, 'एक जूनची माणसं एकमेकांत मिसळतात.'

केतनने ते वाचलं. तो ओरडला नाही. "ओके," एवढंच म्हणाला, आणि उठून खिडकीशी जाऊन फोन लावू लागला.

पुढचं सगळं यंत्रणेने केलं. भीमराजचा शेरा तिने मान्य केला आणि सहाचं उद्घाटन रोखलं. हजेरीच्या दुसऱ्या यंत्रणेच्या मते तो माणूस आज आलेलाच नव्हता, आणि गैरहजर उमेदवाराला सहा महिने पुन्हा बोलावता येत नाही. दोन्ही यंत्रणा कंपनीनेच बनवलेल्या होत्या आणि दोन्ही उत्तम चालत होत्या.

"केतन, तू मेल टाकलास तर सरांचं नाव पुन्हा उघडेल," पूर्वी दारातून म्हणाली.

केतन फोनवर होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. "रूल आहे ना? मग रूल आहे."

उद्घाटनाचा केक पाच वाजताच येऊन पडला होता. तो परत जाणार नव्हता, म्हणून सगळ्यांनी उभ्याने खाल्ला. नीलमने एक तुकडा कागदी बशीत घालून भीमराजला आणून दिला. तिला काहीतरी बोलायचं होतं. "सर, मी पण ते पास केलं असतं," ती म्हणाली. "म्हणजे, तुम्ही नसता तर."

"दिसलं असतं तर नसतंस केलं."

"तसं नाही सर. दिसलं असतं तरी."

भीमराजने केक संपवला. चांगला होता.

पूर्वीने कार्ड दाखवून काचेचं दार उघडलं आणि ती लिफ्टपर्यंत आली. "खूप सॉरी सर. खरंच." मग घुटमळून तिने त्याच्यासमोर आपला फोन धरला. "एक फॉर्म भराल? मुलाखतीचा अनुभव कसा होता, त्याचा. माझ्या टार्गेटमध्ये धरतात. पाचपेक्षा कमी स्टार आले की मला मेल येतो."

"पण मी गैरहजर आहे ना?"

"फॉर्मला ते कळत नाही."

भीमराजने पाच चांदण्या दाबल्या. 'आमच्याबद्दल तुम्हाला काय सर्वांत आवडलं?' या ओळीत त्याने 'जेवण वेळेवर होतं' असं लिहिलं. पूर्वीने थँक्यू म्हटलं आणि लिफ्ट आली.

भांडुपला टेंभीपाड्याचा चढ चढून तो घरी पोचला तेव्हा साडेसात झाले होते. अण्णा खाटेवर पडल्या पडल्या बातम्या ऐकत होते. शीतल नुकतीच कामावरून आली होती. मोरीत कपडे भिजवायचं चाललं होतं.

"लय उशीर?" अण्णा म्हणाले. "बसिवलं वाटतं."

"नाही अण्णा."

शीतलने मान वर केली. "इंटरव्ह्यू झाला?"

"नाही झाला."

"मग दिवसभर कुठे होतास?"

भीमराज पायातले बूट काढत होता. "काम केलं," तो म्हणाला.

"काम?"

"दहा ते सहा. मधे जेवलो. सगळ्यांबरोबर."

"आणि नोकरी?"

"ती नाही मिळाली."

त्याने शर्ट काढून नेहमीच्या खिळ्याकडे हात नेला. त्याचा हा एकच आकाशी शर्ट सगळ्या मुलाखतींना जायचा. तासाभरात परत यायचा, झटकला की पुन्हा खिळ्याला लागायचा. एका धुण्यात तीन मुलाखती निघत.

"दे इकडे," शीतल म्हणाली.

तिने शर्ट घेतला आणि दिव्याकडे धरून कॉलर उलटी केली. आत पूर्ण दिवसाची काळपट रेघ होती. कोपरांना टेबलाचा मळ लागला होता. तिने त्या रेघेवरून एकदा अंगठा फिरवला. मग तो शर्ट तिने बादलीत घातला, हाताने दाबून पाण्याखाली नेला आणि वरून साबणाचा चुरा टाकला.